घरच्याच मैदानावर गळाठणारी टीम आणि गप्प बसलेलं स्टेडियम

लालबाण

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून हा धागा. उगाच पाडलेली जिलबी वाटली तर गोड मानून घ्या.

२०२४-२५ च्या मोसमात मँचेस्टर युनायटेडने ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे घरच्या मैदानावर, प्रीमियर लीगमधले नऊ सामने घालवले. एकोणीसपैकी नऊ! लिव्हरपूल ०-३, टॉटनहॅम ०-३, बोर्नमथ ०-३. त्यातल्या बोर्नमथने तर सलग दुसऱ्या डिसेंबरात तोच स्कोअर केला. तळाला गटांगळ्या खाणारे वुल्व्ज आणि वेस्ट हॅमसुद्धा येऊन जिंकून गेले. शेवटी आम्ही पंधरावे.

याच मैदानावर २०१०-११ मध्ये एकोणीसपैकी अठरा जिंकले होते, एक बरोबरीत. त्या वर्षी बाहेर जेमतेम पाच विजय मिळाले, तरी लीग आमचीच. म्हणजे घरच्या जोरावर अख्खी ट्रॉफी आली.

आता सामना लावला की दहाव्या मिनिटालाच कळतं. सेंटर बॅकने गोलकीपरकडे मागे पास दिला रे दिला की सत्तर हजार लोकांचा एकदम सुस्कारा ऐकू येतो. शिवी नाही, शिट्टी नाही, नुसता सुस्कारा. पुढचा पास आणखी घाबरत जातो. आणि कोपऱ्यातले तीन हजार पाहुणे मात्र नव्वद मिनिटं गात असतात.

प्रश्न असा: टीम वाईट खेळते म्हणून स्टेडियम गप्प झालं, की स्टेडियम गप्प झालं म्हणून टीम वाईट खेळते? फक्त युनायटेडबद्दल बोलायला हवं असं नाही. तुमच्या टीमचं काय?

अर्धवेळ

जागा धरायला रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.

काडेपेटी

अतिथी देवो भव. नऊ वेळा.

(हलके घ्या.)

आडवापास

प्रेक्षक वगैरे नंतर. आधी खेळाकडे बघा.

मोठ्या क्लबच्या घरी लहान टीम आली की ती पाच डिफेंडर आणि त्यांच्यापुढे चार अशी भिंत स्वतःच्या बॉक्ससमोर उभी करते. भिंतीमागे पळायला जागाच उरत नाही. ती फोडायची तर चेंडू या टोकाकडून त्या टोकाला झटपट फिरवावा लागतो, किंवा एकट्याने समोरच्याला चकवून जाणारा विंगर लागतो. दोन्ही नसलं की काय होतं? डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, मग मागे. पझेशन (चेंडूचा ताबा) पासष्ट टक्के आणि गोलवर शॉट दोन. प्रेक्षक कुरकुरायला लागले की एखादा वैतागून तीस यार्डांवरून मारतो, चेंडू डिफेंडरला लागतो आणि काउंटर, म्हणजे उलटा हल्ला. ०-१. आता तर पाहुण्यांना पुढे यायची गरजच नाही.

तीच टीम बाहेर गेली की समोरचे अंगावर येतात, मागे मोकळं रान मिळतं, आणि आपले वेगवान फॉरवर्ड एकदम भारी दिसायला लागतात.

पुरावा हवा? युनायटेडचाच घ्या. २०२०-२१ मध्ये लीगमध्ये बाहेर एकही सामना हरले नाहीत. मोसमात एकूण सहा हरले आणि सहाच्या सहा घरी! त्यात टॉटनहॅमकडून १-६ आणि तळाला असलेल्या शेफील्ड युनायटेडकडून १-२ सुद्धा आले. आणि ते सहाही पराभव रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. सुस्कारा टाकायला कोणी नव्हतंच. मग दोष कुणाचा?

काडेपेटी

@आडवापास, आयडी सार्थ केलात.

लालबाण

मुद्दा बिनतोड आहे, पण तो मोसमच विचित्र होता. रिकाम्या स्टेडियमवरून काही सिद्ध करायचं तर उलटंही करता येईल. लिव्हरपूल बघा. ॲनफिल्डवर लीगमध्ये सलग ६८ सामने अपराजित होते. जानेवारी २०२१ मध्ये बर्न्लीने तो सिलसिला तोडला आणि मग ब्रायटन, मँचेस्टर सिटी, एव्हर्टन, चेल्सी, फुलहॅम असे सलग सहा घरचे सामने गेले. खेळाडू बरेचसे तेच, कोच तोच. नव्हते ते फक्त प्रेक्षक.

सांख्य

थोडे आकडे, मग भांडा.

एक: धागाकर्त्याचे आकडे बरोबर आहेत, पण अर्धेच सांगितलेत. २०२४-२५ मध्ये युनायटेड बाहेरसुद्धा नऊच सामने हरले. घरी २४ गुण, बाहेर १८. म्हणजे घरी किंचित बरेच खेळले! टीम सगळीकडेच वाईट होती. घरचं जास्त बोचतं, इतकंच.

दोन: लिव्हरपूलच्या त्या मोसमात व्हॅन डाइक, गोमेझ आणि मातीप असे तिन्ही मुख्य सेंटर बॅक जायबंदी होते. फबिन्यो आणि हेंडरसनला मागे खेळवावं लागलं, म्हणजे मिडफिल्डही मोडलं. "नव्हते ते फक्त प्रेक्षक" हे जरा जास्तच झालं.

तीन: तरीही प्रेक्षकांचा परिणाम असतो. २०२०-२१ चा प्रीमियर लीग मोसम हा इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीच्या इतिहासात पाहुण्यांनी यजमानांपेक्षा जास्त सामने जिंकलेला पहिलाच मोसम. एका टीमचं सोडा, अख्ख्या लीगचा कल फिरला.

चार, आणि हे मला सगळ्यात रोचक वाटतं. आवाजाचा परिणाम खेळाडूंइतकाच, कदाचित जास्तच, रेफरीवर होतो. नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. रेफरींना एकाच सामन्यातल्या टॅकल्सची चित्रफीत दाखवली, अर्ध्यांना प्रेक्षकांच्या आवाजासह आणि अर्ध्यांना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध कमी फाउल दिले. स्पेनच्या लीगवरचा २००५ चा अभ्यास सांगतो की यजमान एका गोलने मागे असले की रेफरी जास्त वेळ वाढवून देतात आणि एका गोलने पुढे असले की कमी. कुणी पैसे चारत नाही, दबाव नकळत काम करतो. प्रेक्षक नसताना पाहुण्यांना मिळणारी पिवळी कार्डंही कमी झाली, हे वेगवेगळ्या देशांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

म्हणजे स्टेडियम गप्प झालं की तुमचा स्ट्रायकर लगेच आंधळा होत नाही. तुमचे फिफ्टी-फिफ्टी निर्णय मात्र हळूच निसटतात.

पिवळंकार्ड

मग आता व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा रेफरी, आहे ना? रेफरी ओरडण्याला घाबरला तरी खोलीत बसलेल्याला आवाज कुठे येतो?

सांख्य

येत नाही, पण व्हीएआर फक्त गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड एवढंच बघतो. मिडफिल्डमधला बारका फाउल, थ्रो-इन, पहिलं पिवळं कार्ड हे सगळं अजून मैदानावरच्या माणसाच्या हातात आहे. सामना तिथेच झुकतो.

शिवाय घरचा फायदा आजच कमी झालेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये दहापैकी सहाच्या वर सामने यजमान जिंकत. हल्ली साडेचारच्या आसपास. तेव्हा पाहुणी टीम रेल्वेने धक्के खात यायची, प्रत्येक मैदानाची लांबी-रुंदी, उतार, चिखल वेगळा. आता सगळे आदल्या रात्री चांगल्या हॉटेलात झोपतात आणि सगळीकडे तीच गालिच्यासारखी हिरवळ. घर आणि बाहेर यातला फरकच विरघळत चाललाय.

हातोडा

वेस्ट हॅमचा फॅन. दुःख वाटून घ्यायला आलोय.

अप्टन पार्कवर आम्ही ११२ वर्षं होतो. पस्तीस हजारांचं स्टेडियम, पहिली रांग टचलाइनच्या इतकी जवळ की थ्रो-इन घेणाऱ्या खेळाडूला मागे सरकून धाव घ्यायची पंचाईत. त्याच्या कानात कोण काय बोलतंय ते त्याला शब्दन् शब्द कळायचं. मे २०१६ मध्ये तिथला शेवटचा सामना युनायटेडशीच झाला (३-२, @लालबाण, आठवण करून द्यायला आनंद होतोय).

मग गेलो ऑलिंपिकच्या स्टेडियममध्ये. बासष्ट हजार खुर्च्या. ते बांधलं धावण्याच्या शर्यतींसाठी. गोलच्या मागे बसलात तर गोल आणि तुम्ही यांच्यात एवढी जागा की मधे आणखी एक छोटा सामना खेळवता येईल. गाणं सुरू होतं, दुसऱ्या स्टँडपर्यंत पोचेपर्यंत पहिल्याचं संपलेलं असतं. वर चाळीस वर्षं शेजारी बसणारी माणसं खुर्च्यांच्या नव्या वाटपात विखुरली. एक इथे, एक तिथे, तिसरा "नको बाबा" म्हणून घरी. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गाणं एकटा माणूस सुरू करत नाही. शेजारचा नक्की साथ देणार याची खात्री असलेला माणूस सुरू करतो. ती खात्री मोडली.

मार्च २०१८ ला बर्न्लीविरुद्ध ०-३ हरताना लोक मैदानात घुसले, मालकांच्या बॉक्सखाली जमून घोषणा दिल्या. कॅप्टन मार्क नोबलची एका घुसखोराशी झटापट झाली. तो राग नुसत्या तीन गोलांचा नव्हता.

आडवापास

@हातोडा, पण त्याच स्टेडियममधून तुम्ही २०२३ ला युरोपातली कॉन्फरन्स लीग जिंकलात, आणि त्या प्रवासातल्या घरच्या रात्री जोरदार होत्या. ट्रॅक तोच, अंतर तेच.

हातोडा

होय, होत्या. जिंकत असताना कुठलंही स्टेडियम चांगलंच. फरक ०-१ ने मागे असताना कळतो. जुन्या मैदानावर ०-१ ला आवाज वाढायचा, इथे लोक फोन काढतात.

पिवळंकार्ड

हातोडाच्या ट्रॅकच्या मुद्द्याला पुष्टी. इटलीतल्या युव्हेंटसचं जुनं स्टेडियम, देल्ले आल्पी. १९९० च्या वर्ल्ड कपसाठी बांधलेलं, भोवती ॲथलेटिक्सचा ट्रॅक. झिदान, देल पिएरो खेळत असताना, लीग जिंकत असताना स्टँड ओस. शेवटी पाडलं आणि त्याच जागी २०११ ला एक्केचाळीस हजारांचं नवं, मैदानाला चिकटलेलं बांधलं. पहिल्याच मोसमात लीगमध्ये एकही पराभव नाही आणि जेतेपद. अर्थात तेव्हाच कोच म्हणून कॉन्टे आला आणि पिर्लो फुकटात मिळाला, हेही आहेच. सांख्य यायच्या आत मीच सांगून टाकतो.

सांख्य

:) धन्यवाद.

जुनाखांब

मूळ इंग्लंडमध्येच शोधा. १५ एप्रिल १९८९, हिल्सबरो स्टेडियम. गर्दीत चिरडून ९७ माणसं गेली. त्यानंतर चौकशीचा टेलर अहवाल आला आणि वरच्या श्रेणींतली स्टेडियमं पूर्ण खुर्च्यांची झाली. सुरक्षिततेसाठी ते लागत होतं, त्यावर वाद घालू नये. चिरडून मेलेल्या लोकांसमोर "वातावरण" हा शब्द काढायलाही जड जातं.

पण खुर्च्यांबरोबर दुसरं काहीतरी आलं, जे अहवालात नव्हतं. टेलरने स्वतः स्वस्त तिकिटांची अपेक्षा धरली होती. क्लबांनी खुर्च्या घेतल्या आणि तिकिटं मात्र वाढवत नेली. उभ्याच्या स्टँडमध्ये सोळा-सतरा वर्षांची पोरं मित्रांबरोबर जमतील तिथे उभी राहत. तीच पोरं गाणी शिकत आणि पुढच्यांना शिकवत. खुर्चीला नंबर आला की चार मित्रांना चार वेगळ्या ठिकाणी तिकीट मिळतं. सीझन तिकीट बापाकडे राहतं, बाप साठीचा होतो, त्याचे गुडघे दुखतात, तो बसूनच बघणार. त्याचा काय दोष?

युनायटेडचा कॅप्टन रॉय कीनने नोव्हेंबर २००० मध्ये चॅम्पियन्स लीगच्या सामन्यानंतर सामन्याकडे लक्ष न देता कोळंबीचं सँडविच खाणाऱ्या प्रेक्षकांवर तोंडसुख घेतलं होतं. तेव्हा युनायटेड सलग लीगा जिंकत होतं हे विसरू नका. @लालबाण, तुमचं स्टेडियम टीम पडायच्या कितीतरी आधी गप्प व्हायला लागलं होतं.

लालबाण

हे लागलं. आणि त्यात २०२४ च्या नोव्हेंबरात क्लबने मोसमाच्या मध्यातच उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला. लहान मुलं, म्हातारे, सवलत काही नाही. म्हणजे पोराला स्टेडियमची सवय लावायची तर त्याचेही ६६. फॅन्सनी बाहेर निदर्शनं केली.

काडेपेटी

सहासष्ट पौंडांत बोर्नमथचे तीन गोल. गोलामागे बावीस. वाईट नाही.

गॅलरी

नेहमीची वाचनमात्र आहे, पण इथे राहवलं नाही.

वर कोणी अजून थेट म्हटलेलं नाही, पण पुढचा प्रतिसाद नक्की "टुरिस्ट लोकांनी वाट लावली" असा येणार आहे. मी ती टुरिस्ट. लंडनला कामासाठी गेले होते, मुलगा आर्सेनलवेडा, म्हणून दोघं एमिरेट्सला गेलो. तिकीट महाग होतं, जागा अगदी वर. आजूबाजूला निम्मे आमच्यासारखेच, गळ्यात नवेकोरे मफलर.

माझा मुलगा पहिल्या मिनिटापासून ओरडत होता. गाणी त्याला सगळी पाठ, इतकी वर्षं टीव्हीसमोर बसून पाठ केलेली. पुढच्या रांगेतले आजोबा दोनदा मागे वळून बघून गेले. कॉर्नर मिळाला तेव्हा आम्ही उभे राहिलो, तर मागून "सिट डाउन" आलं आणि मग स्टुअर्ड आला. ते आजोबा, मागचे गृहस्थ, सगळे सीझन तिकीटवाले होते बरं का, टुरिस्ट नव्हेत. टुरिस्टला निदान एकदाच मिळणार म्हणून जीव तोडून ओरडायचं असतं.

आर्सेनलच्या जुन्या हायबरीलाही म्हणे लोक "लायब्ररी" म्हणायचे. तेव्हा कुठे होतो आम्ही?

जुनाखांब

@गॅलरी, ताई, तुमच्या मुलाला माझ्यातर्फे शाबासकी. मी टुरिस्ट म्हणणार नव्हतो, पण दोन प्रतिसादांनंतर कोणीतरी म्हटलंच असतं.

काडेपेटी

मी म्हणणारच होतो. ताईंनी तोंडचा घास काढला.

पिवळंकार्ड

@गॅलरी, बरोबर. आणि एमिरेट्स गेल्या काही वर्षांत बदललंय तेही आतून. ॲशबर्टन आर्मी नावाचा तरुण मुलांचा गट एकत्र बसायला लागला, क्लबने जागा करून दिली, ड्रम आले, कोच आर्टेटाने लोकांना हाताशी धरलं. स्टेडियम तेच, खुर्च्या त्याच. टीमही सुधारत गेली, त्यामुळे आधी काय ते कोण सांगणार.

मुकादम

जर्मनीत राहतो, डॉर्टमुंडला शक्य होईल तेव्हा जातो. लांब लिहिणार आहे, सहन करा.

दक्षिणेच्या स्टँडमध्ये जवळजवळ पंचवीस हजार माणसं उभी असतात. एकच अखंड उतार. तिथली तिकिटं इंग्लंडच्या मानाने फारच स्वस्त, म्हणून विद्यार्थी, कामगार, पेन्शनर सगळे येतात. खाली कुंपणाजवळच्या छोट्या मचाणावर भोंगा घेऊन एक माणूस उभा असतो. त्याची पाठ कायम मैदानाकडे. सामना तो बघतच नाही. तो बघतो ते आमच्याकडे, कुठला कोपरा थंड पडलाय, कुठे आवाज उशिरा पोचतोय. ड्रमचे दोन ठोके, हात वर, आणि आख्खा उतार एकदम सुरू. वरच्या भागात मी पहिल्यांदा उभा होतो तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाने माझा खांदा धरून मला ठेक्यात हलवलं. न गाण्याची सोयच नाही तिथे.

आता मुद्दा. हे सगळं असूनही २०१४-१५ मध्ये आम्ही तळाला होतो. फेब्रुवारीत घरी आउग्सबुर्गकडून ०-१ हरलो तेव्हा अठरापैकी अठरावे. क्लॉप कोच, हुमेल्स, रॉइस टीममध्ये. तोच पंचवीस हजारांचा उतार. काही उपयोग झाला नाही. त्या रात्री शिट्ट्या पडल्या, आणि वायडेनफेलर आणि हुमेल्स कुंपणावर चढून लोकांशी बोलले. कोणी त्यांना मारलं नाही, कोणी निघून गेलं नाही, भांडण समोरासमोर झालं. पुढचे सामने जिंकत मोसम सातव्या क्रमांकावर संपला.

त्यामुळे माझं मत: प्रेक्षक गोल करून देत नाहीत. टीम आणि लोक यांच्यात बोलणं चालू आहे की बंद पडलंय, एवढंच प्रेक्षकांवरून कळतं. शिट्टी हेही बोलणं आहे. लालबाणने लिहिलेला सुस्कारा मला जास्त धोक्याचा वाटतो.

आडवापास

मुकादम, सुंदर लिहिलंय. पण म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूने आलात. पंचवीस हजार लोक नाचले तरी भिंत फुटली नाही.

मुकादम

खेळाच्या बाबतीत होय. पण धाग्याचे प्रश्न दोन आहेत आणि आपण ते एकच असल्यासारखे भांडतोय.

पिवळंकार्ड

दोन असल्याचा पक्का पुरावा पॅरिसमध्ये. हिंसाचारानंतर २०१० मध्ये पीएसजीने समर्थकांच्या संघटित गटांना स्टेडियमबाहेर काढलं. गोलमागच्या स्टँडमध्ये तिकिटं कोणालाही कुठेही, म्हणजे टोळकं एकत्र बसूच नये. मग कतारचा पैसा आला, इब्राहिमोविच आला, २०१३ पासून सलग चार लीगा आल्या. आणि त्यांचं स्टेडियम, पार्क दे प्रँस? जुने लोक म्हणत, थिएटर झालंय. २०१६ मध्ये क्लबने गटांना परत येऊ दिलं. लक्षात घ्या, टीम जिंकत असतानाच क्लबला जाणवलं की काहीतरी कमी आहे.

म्हणजे गप्प स्टेडियममध्येही टीम जिंकते आणि गर्जणाऱ्या स्टेडियममध्येही हरते.

हातोडा

पैसा असेल तर गप्प स्टेडियम परवडतं, असं म्हणा. पीएसजीला आवाजाची गरज नव्हती. ल्युटनसारख्या छोट्या क्लबला असते.

अर्धवेळ

रात्री सविस्तर म्हणालो होतो, आता इतकं वाचून झाल्यावर सविस्तर काही उरलेलं नाही. दोनच गोष्टी.

सनदरलँडने डिसेंबर २०१६ ते डिसेंबर २०१७ या जवळपास वर्षभरात घरी एकही सामना जिंकला नाही. पन्नास हजारांच्या आसपासचं स्टेडियम, आणि बाहेर कधीमधी जिंकायचे! तिथले लोक गप्प नव्हते, चिडलेले होते. पहिला पास चुकला की गुरगुर. काही खेळाडूंना चेंडूच नकोसा झाला होता, हे टीव्हीवरही दिसायचं. पास मागायचाच नाही, डिफेंडरच्या मागे लपून उभं राहायचं. म्हणजे कधी कधी जास्त प्रेक्षक हाच त्रास.

दुसरी, ब्राझील १-७, बेलो होरिझोन्ते, २०१४. १९७५ नंतर ब्राझील मायदेशी अधिकृत सामना हरलेलं नव्हतं. राष्ट्रगीताला जखमी नेयमारची जर्सी धरून उभे, डोळ्यांत पाणी. मी तेव्हाच बायकोला म्हटलं, हे खेळायला आलेत की रडायला? अर्ध्या तासात पाच गोल. एवढं प्रेम झेपलं नाही त्यांना.

काडेपेटी

@अर्धवेळ, हे सगळे त्या सामन्यानंतर "मी तेव्हाच म्हटलं होतं" म्हणतात. वहिनींची साक्ष काढा.

अर्धवेळ

वहिनी झोपल्या होत्या. साक्षीदार फितूर.

गॅलरी

लेस्टरचं कोणी काढलं नाही. २०१५-१६ ला चॅम्पियन झाले तेव्हा प्रत्येक खुर्चीवर घडीचा पुठ्ठा ठेवलेला असायचा, तो मांडीवर आपटून टाळ्यांचा आवाज करायचा. बरेच जण नाकं मुरडायचे, नकली आवाज म्हणून. आणि २०२४-२५ मध्ये त्याच मैदानावर सलग नऊ लीग सामने हरले, नऊपैकी एकातही गोल नाही! इंग्लंडच्या लीगमध्ये असं आधी कधी झालंच नव्हतं. नववा पराभव लिव्हरपूलकडून, त्याच दिवशी रेलिगेशन, म्हणजे खालच्या श्रेणीत घसरणं, पक्कं. पुठ्ठा तेव्हा कुणाच्या हातात असता तर काय केलं असतं, कोण जाणे.

काडेपेटी

वारा घेतला असता.

जुनाखांब

पाहुण्या प्रेक्षकांचा मुद्दा सुटला. लालबाणने सुरुवातीलाच लिहिलंय, तीन हजार लोक नव्वद मिनिटं गातात. ते का गातात? कारण प्रीमियर लीगमध्ये २०१६-१७ पासून पाहुण्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा आहे, ते सगळे एकाच कोपऱ्यात आहेत, पूर्ण वेळ उभे असतात आणि स्टुअर्ड डोळेझाक करतो. तिकिटं बहुतेक वेळा नेमाने प्रवास करणाऱ्यांनाच मिळतात. म्हणजे वर ज्या ज्या गोष्टी मेल्या म्हणून आपण रडलो, त्या सगळ्या त्या कोपऱ्यात जिवंत आहेत. त्यातले बरेच जण आठवड्याने स्वतःच्या घरच्या स्टेडियमवर येतात आणि तिथे गप्प बसतात! माणसं बदललेली नाहीत, मांडणी बदललीय.

जानेवारी २०२२ पासून इंग्लंडमध्ये परवानगीने, रेलिंग लावून, सुरक्षित उभं राहायची सोय पुन्हा आलीय. ओल्ड ट्रॅफर्डवरही काही भागात आहे. ती वाढवा, तिथलं तिकीट स्वस्त करा, चार मित्रांना एकत्र राहू द्या. फरक पडेल.

आडवापास

फरक आवाजाला पडेल. गुणतक्त्याला नाही. टॉटनहॅमचं नवं स्टेडियम बघा. सतरा हजारांवर लोकांचा एकसंध दक्षिण स्टँड, डॉर्टमुंडवरून प्रेरणा घेऊन बांधलेला, आवाज मैदानात परतावा असं छप्पर. २०२४-२५ मध्ये सतरावे. जुन्या व्हाइट हार्ट लेनवरच्या शेवटच्या मोसमात मात्र घरी एकही लीग सामना हरले नव्हते, सतरा विजय, दोन बरोबरी. छप्पर नाही, डेंबेले, केन आणि वॉकर लागतात.

हातोडा

किंवा त्या मैदानाची आखूड लांबी-रुंदी, ज्यात तेव्हाचा कोच पोचेतिनोचं प्रेसिंग (समोरच्याच्या अंगावर धावून चेंडू हिसकावणं) फिट बसायचं. सगळं मान्य, पण घर म्हणजे तेच ना? आपल्या खेळाला साजेल असं. नवीन मैदानं सगळी एकाच मापाची.

लालबाण

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

सांख्यचा आकडा मान्य, घरी आणि बाहेर सारखेच हरलो. तरी मला घरचे नऊच आठवतात, बाहेरचे त्यातले चारही पटकन सांगता येणार नाहीत. हरणं आणि घरी हरणं यात फरक वाटतो तो गुणतक्त्यात दिसत नाही.

आणि एक रात्र कोणी काढली नाही, युनायटेडवाला मीच असल्यामुळे मलाच काढावी लागेल. त्याच वाईट मोसमात, १७ एप्रिल २०२५, युरोपा लीग, ल्योंविरुद्ध. जादा वेळेत २-४ ने मागे. समोर दहाच खेळाडू, तरी मागे. कॅमेऱ्यात लोक जिने उतरताना दिसत होते. ११४ व्या मिनिटाला ब्रुनोची पेनल्टी, १२० व्याला मेनू, १२१ व्याला मॅग्वायर, त्याला फॉरवर्डमध्ये उभं केलं होतं. ५-४. ज्या स्टेडियमवर मी हा धागा काढलाय तेच स्टेडियम, त्याच खुर्च्या, तेच सीझन तिकीटवाले साठीचे काका. कॅमेरा थरथरत होता.

पुढच्याच महिन्यात त्याच मैदानावर वेस्ट हॅमकडून ०-२. पुन्हा सुस्कारा.

त्यामुळे आवाज मेला, ही माझी समजूत मी मागे घेतो. तो आत आहे, बाहेर यायला कारण मागतो, आणि पूर्वी कारण न मागता यायचा. ०-० असताना, विसाव्या मिनिटाला, समोर बोर्नमथ असताना. त्या विसाव्या मिनिटाचं काय करायचं ते मात्र मला जुनाखांब सोडून कोणी सांगितलं नाही.

सांख्य

विसाव्या मिनिटाला पुढे असाल तर प्रश्न येणार नाही. चांगला स्ट्रायकर घ्या.

आडवापास

+१. आणि एक विंगर.

जुनाखांब

बघा, सतरा वर्षांचं पोर कोणालाच नकोय.

मुकादम

मला हवंय. @गॅलरी, मुलाला घेऊन इकडे या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तारखा कळल्या की मी आधी विचारून ठेवतो. दक्षिण स्टँडची तिकिटं बाजारात जवळजवळ येतच नाहीत, ओळखीच्या सीझन तिकीटवाल्याला एखादा सामना जमणार नसेल तरच मिळतात. डर्बी (शेजारच्या क्लबशी सामना) आणि बायर्नचा नाद सोडा. माइन्झविरुद्धसारखा साधा सामना धरा.

गॅलरी

व्यनि केलाय. मुलगा विचारतोय, आर्सेनलची जर्सी घातलेली चालेल का?

मुकादम

नाही.